जुन्या टाटा २०७ डीआय पिकअपला कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे नेमकी कोणती घ्यावीत?

चोर्लाघाटकर, बेळगाव तालुका

नमस्कार. आमच्याकडे टाटा २०७ डीआय पिकअप आहे. गाडी मूळची कोल्हापूरकडची, एमएच-०९ क्रमांकाची. वापरलेली घेऊन, ना-हरकत दाखला आणून आम्ही ती येथे केए-२२ मध्ये नोंदवली. भाजीपाला भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणे हे तिचे मुख्य काम. अलीकडे इंजिन तापल्यावर मंद गतीत ऑइलचा लाल दिवा विझेनासा झाला आणि चढावर खालून बोथट ठोका ऐकू येऊ लागला. मिस्त्रींनी ऑइल चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडची (पिस्टन आणि फिरणारा क्रँक जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगे काढली, तेव्हा दोन ठिकाणी वरचा राखाडी थर पूर्ण झिजून खालचा तांबूस धातू उघडा पडलेला दिसला.

अडचण सुटे भाग घेताना आली. एका दुकानदाराने ‘२०७’ एवढेच ऐकून स्टँडर्ड साइझचा संच पुढे केला. दुसऱ्याने इंजिन ४८३ आहे की ४९७, असे विचारले. तिसऱ्याचे म्हणणे असे की ४०७ ची बेअरिंगे डोळे झाकून बसतात. जुन्या एका शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल तुकड्याच्या) पाठीवर ‘०५०’ एवढाच आकडा वाचता येतो. बाकीचे आकडे पुसट झाले आहेत. मागील मालकाने इंजिन कधी बांधले होते, हे कळायला मार्ग नाही. अशा स्थितीत योग्य भाग कसा ठरवावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीकर

दुकानदाराने ४८३ की ४९७ असे विचारले ते योग्यच आहे. या नावांतील पहिला आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो आणि पुढचे दोन आकडे बोअरचा (सिलिंडरच्या पोकळीचा) व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. ४८३ म्हणजे ८३ मिमी बोअरचे चार सिलिंडर; ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरून त्याची क्षमता १९४८ सीसी होते. हे इंजिन १९८८ मध्ये आलेल्या टाटा मोबाइल पिकअपांत आणि पुढे सिएरा व इस्टेट या मोटारींतही होते. ४९७ चा बोअर ९७ मिमी आणि स्ट्रोक १०० मिमी, म्हणून २९५६ सीसी. आपल्या आरसीवर घनक्षमतेचा रकाना असतो, तो आधी पाहावा. २०७ डीआय असेल तर तेथे २९५६ असायला हवे.

त्यानंतर आरसीवरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवर जावे. टाटाच्या चासी क्रमांकाची पहिली तीन अक्षरे ‘एमएटी’ असतात आणि संपूर्ण क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. तो पूर्ण सांगितला तर त्या गाडीचा पार्ट नंबर कॅटलॉगमधून निघतो. नंबरप्लेटवरून मात्र गाडीच्या वयाचा अंदाज बांधू नये, कारण आपल्या सीमाभागात एमएचची केए झालेली जुनी वाहने पुष्कळ आहेत.

उद्यमबागकर

निपाणीकरांनी इंजिनची ओळख अचूक सांगितली आहे. तथापि कॅटलॉग फक्त कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीबद्दल बोलतो. आपल्यासमोर असलेला क्रँक त्यानंतर किती वेळा घासला गेला, हे त्याला ठाऊक नसते. आमच्याकडे लेथ व क्रँक ग्राइंडिंगचे काम चालते, आणि चुकीच्या बेअरिंगमुळे पुन्हा उघडावी लागलेली इंजिने बहुधा आधी भाग घेऊन मग माप काढणाऱ्यांचीच असतात. म्हणून आधी माप काढावे, बेअरिंग त्यानंतर घ्यावे.

पहिली गोष्ट, ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक तारेच्या ब्रशने साफ करून आरसीशी ताडून पाहावा. ब्लॉकच्या अंगावर ओतीव अक्षरांत जो क्रमांक उठलेला असतो, तो ओतकामाचा क्रमांक होय. इंजिन क्रमांक नव्हे आणि पार्ट नंबर तर नव्हेच. तो दुकानात सांगून भाग मागणारे लोक मी नेहमी पाहतो. ठोकलेला क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर इंजिन केव्हातरी बदललेले आहे, असे समजून पुढील सर्व शोध त्या इंजिनाच्या क्रमांकावरूनच करावा. शिवाय तो प्रश्न केवळ सुट्या भागांचा राहत नाही: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते, अन्यथा पासिंगच्या वेळी अडचण येते.

दुसरी गोष्ट, ‘०५०’ या आकड्याची. याचा अर्थ तो शेल ०.५० मिमी अंडरसाइझ आहे, म्हणजे क्रँकचे जर्नल (बेअरिंग ज्यावर बसते तो गोल भाग) मूळ व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी करून घासलेले असावे. स्टँडर्ड संच बसवला असता तर ऑइलचा दाब मुळीच उभा राहिला नसता, हे उघड आहे. मात्र तो एक आकडा सर्व चार रॉडांना लागू आहे, असे गृहीत धरू नये. काही ठिकाणी एकच जर्नल घासून बाकीचे तसेच ठेवलेले असते. काही ठिकाणी शेलच्या पाठीमागे पत्र्याची पातळ पट्टी घालून वेळ मारून नेलेली असते. शेल काढताना मागे तशी पट्टी निघाली असेल, तर मिस्त्रींना आवर्जून विचारावे.

शेलची जाडी मोजताना साध्या मायक्रोमीटरची सपाट टोके आतल्या वक्र पृष्ठावर नीट टेकत नाहीत आणि माप जास्त येते. आतल्या बाजूस बॉल बेअरिंगची एक गोळी धरून एकूण माप घ्यावे आणि त्यातून गोळीचा व्यास वजा करावा. ०.५० अंडरसाइझचा प्रत्येक शेल स्टँडर्डपेक्षा ०.२५ मिमी जाड असतो, कारण कमी झालेला व्यास दोन शेलांत विभागला जातो. झीज कडेला कमी असते, म्हणून माप कडेजवळ घ्यावे.

क्रँकच्या प्रत्येक जर्नलची चार मापे घ्यावीत: दोन्ही टोकांजवळ, उभी आणि आडवी. उभ्या-आडव्यातला फरक जर्नल अंडाकृती झाल्याचे दाखवतो, दोन टोकांमधला फरक निमुळतेपणा दाखवतो. ज्या जर्नलचे बेअरिंग तांब्यापर्यंत झिजले, तेथे ओरखडे जवळजवळ नक्की असतील आणि ते पॉलिशने जाणार नाहीत. क्रँक इंजिनात असताना वरची मापे नीट घेता येत नाहीत. इंजिन उतरवण्याचा खर्च येथे वाचवू नये.

राहता राहिली ४०७ ची बेअरिंगे. दोन्हींकडे ४९७ मालिकेचे इंजिन असले तरी बोअर आणि स्ट्रोक सारखे असणे म्हणजे रॉड आणि क्रँक सारखे असणे नव्हे. टर्बो व बिनटर्बो इंजिनांत अंतर्गत भाग बदलतात. जुना शेल शेजारी ठेवून रुंदी, जिभेची जागा आणि ऑइलचे छिद्र ही तिन्ही जुळतात का, ते पाहावे. पार्ट नंबर एकच निघाला तर प्रश्नच नाही. न निघाल्यास ‘बसते’ या शब्दावर विसंबू नये.

चोर्लाघाटकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आरसीवर २९५६ सीसी आहे आणि ब्लॉकवरील इंजिन क्रमांकही जुळला, त्यामुळे ती चिंता मिटली. इंजिन उतरवून मापे घेतली. तीन जर्नल ०.५० च्या मापात असून जवळजवळ गोल आहेत. तिसऱ्या सिलिंडरचे जर्नल मात्र अंडाकृती झाले असून त्यावर बोटाच्या नखाला लागतील असे ओरखडे आहेत. त्याच शेलच्या पाठीमागे पितळी पत्र्याची पट्टीही निघाली. आता एकटेच जर्नल घासावे की चारही ०.७५ वर आणावीत? क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगलाही हात लावावा का?

उद्यमबागकर

पट्टी निघाली म्हणजे त्या रॉडचे मोठे तोंडही गोल राहिलेले नसण्याची शक्यता आहे. कॅप बसवून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून बोअर गेजने माप घ्यावे. रॉड खराब असेल तर नवीन बेअरिंगही टिकणार नाही. चारही जर्नल ०.७५ वर घ्यावीत, मात्र क्रँकसाठी कंपनीने दिलेली किमान व्यासाची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहून मगच. क्रँक नायट्राइड केलेला (पृष्ठभाग कठीण केलेला) असेल, तर घासण्यामुळे कठीण थर जातो आणि तो पुन्हा करून घ्यावा लागतो. जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई ग्राइंडरने मूळ मापाचीच ठेवली आहे ना, हेही पाहावे. तो कोपरा तीक्ष्ण राहिला तर क्रँक नेमका तेथेच तडकतो.

इंजिन खाली आहे तर मेन बेअरिंगे आणि क्रँकची पुढे-मागे सरक रोखणारे थ्रस्ट वॉशर तपासून घ्यावेत. ग्राइंडिंग पूर्ण होऊन अंतिम माप हातात आल्यावरच संच विकत घ्यावा आणि बसवण्यापूर्वी प्लॅस्टिगेज (दाबली की चपटी होणारी मापाची मऊ दोरी) दाबून ऑइलची फट पाहावी. ती साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. अंतिम आकडा मॅन्युअलचाच धरावा. क्रँकमधील ऑइलची छिद्रे आरपार धुऊन हवेने साफ करायला सांगावे. ग्राइंडिंगची भुकटी तेथेच अडकते आणि पहिल्या चढावरच नवीन बेअरिंग खाऊन टाकते.