पहिले 40 बाइट बरोबर, शेवटचे 24 शिळे

प्रश्न:
एसपीआयवर (चिपांना जोडणारी सिरियल बस) बसलेल्या एका एडीसीसाठी (अ‍ॅनलॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. स्ट्रक्चरमध्ये आधी 8-8 बाइटचे तीन पॉइंटर, मग आलेला डेटा ठेवायचा 64 बाइटचा आरएक्स बफर, त्याला चिकटून 8 बाइटचा काउंटर. सगळी मेमरी एकाच केझॅलॉकने (कर्नलकडून शून्य भरलेली मेमरी मागणारं फंक्शन) घेतलीय. 64-बिट आर्म बोर्डवर पहिले 40 बाइट कायम बरोबर येतात, शेवटचे 24 मात्र मधूनच मागच्या ट्रान्सफरचे निघतात. प्रिंट टाकला की बग गायब! लॉजिक अ‍ॅनलायझरवर तारेतला डेटा चोख दिसतो. एक्स86 बोर्डवर हाच कोड एकदाही चुकला नाही. दोन दिवस क्लॉक फेजशी (क्लॉकच्या कुठल्या कडेला बिट वाचायचा ती सेटिंग) झटापट झाली. वैतागून बफरचा पत्ता छापला, तर शेवटचे हेक्स आकडे 18.

उत्तर 1:
फेज सोडा, उत्तर त्या 18 मध्येच आहे. हेक्स 18 म्हणजे 24. कॅश लाइन (प्रोसेसर रॅममधून एका वेळी कॅशमध्ये उचलतो तो तुकडा) 64 बाइटची असेल, तर पहिल्या लाइनीत बफरचे 40 बाइट मावले. उरलेले 24 पुढच्या लाइनीत, काउंटरच्या शेजारी. ट्रान्सफर चालू असताना हा काउंटर कोण वाढवतं?

प्रश्नकर्ता:
टायमर इंटरप्ट.

उत्तर 1:
मग सापडला चोर. डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहिणारं हार्डवेअर) रॅममध्ये नवा डेटा ओतत असतो, तेवढ्यात टायमर काउंटरला हात लावतो. अख्खी लाइन, जुन्या 24 बाइटांसकट, कॅशमध्ये येते आणि डर्टी होते, म्हणजे बदललेली पण रॅममध्ये अजून न लिहिलेली. ती रॅममध्ये परत लिहिली गेली की नव्यावर जुनं बसतं. पहिल्या लाइनीतले पॉइंटर तुम्ही फक्त वाचता, म्हणून ती लाइन डर्टी होत नाही आणि बफरचे ते 40 बाइट बचावले. एक्स86 वर कॅश आणि डीएमएचा मेळ हार्डवेअरच राखतं, तिथे शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही.

उत्तर 2:
बफरला आर्च डीएमए मिनअलाइनएवढं (डीएमएसाठी सुरक्षित अंतर सांगणारा कर्नलचा स्थिरांक) अलाइनमेंट द्या, म्हणजे त्याचा पत्ता त्या आकड्याच्या पटीत सुरू होईल. हाताने 64 लिहू नका, आर्म64 कर्नलमध्ये ते 128 आहे. आणि बफर स्ट्रक्चरच्या शेवटी न्या. सुरुवात अलाइन करून मागे काउंटर तसाच ठेवणारे खूप पाहिलेत (मीही त्यातलाच). नाहीतर बफरसाठी सरळ वेगळा केमॅलॉक (कर्नलकडून मेमरी मागणारं फंक्शन) करा. स्टॅकवर मात्र कधीच नको. डीएमए अलॉक कोहेरंटही (प्रोसेसर आणि डीएमए दोघांना कायम एकच डेटा दिसेल अशी मेमरी देणारं फंक्शन) चालेल, पण अशा बोर्डवर ती मेमरी सहसा अनकॅश्ड (कॅशमध्ये न ठेवलेली) असते, वाचायला मंद. मी ती डिस्क्रिप्टर रिंगपुरतीच (डीएमएला द्यायच्या कामांची गोल यादी) वापरतो.

प्रश्नकर्ता:
अलाइनमेंट देऊन बफर शेवटी नेला, रात्रभर चालवलं, एकही शिळा बाइट नाही. स्ट्रक्चर मात्र 96 बाइटांवरून 256 वर गेलं. जाऊ दे, घेऊ दे जागा.