चावी मिळाल्यानंतरचं

बेघरांना घर देण्याचा विषय निघाला की काहीजण म्हणतात, "आधी दारू सोडू दे, मग खोली द्या". हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या 'हाउसिंग फर्स्ट' (म्हणजे 'आधी घर') या उपक्रमानं नेमकी हीच अट काढून टाकली, आणि बहुतेक लोक घरात टिकले.

पण बंद दाराआडच्या एकटेपणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुणे स्टेशनजवळ फुटपाथवर बारा वर्षं काढलेल्या एका काकांना आम्ही वर्गणी काढून येरवड्यात खोली घेऊन दिली. कितीतरी दिवस ते चपला उशाशी घेऊन, दाराला पाठ लावून झोपायचे. फुटपाथवर चक्कर आली तर चहावाला धावायचा. खोलीत मात्र शुगर उतरून रात्रभर पडून राहिले, कुणाला पत्ताच नाही. नशिबानं वाचले. आता शेजारच्या मावशी रोज सकाळी सातला कडी वाजवतात, आतून 'ओ' आल्याशिवाय हलत नाहीत.