साप्ताहिक सुट्टी बुधवारी येते. प्रभूचा दिवस कसा पाळावा?

चिंचवडची परिचारिका

सर्वांना जय ख्रिस्त. मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. माझे बालपण नगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. तिथे आई शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवीत असे, कपड्यांना इस्त्री होत असे, आणि रविवारी उपासनेची घंटा होईपर्यंत चुलीवर चहाखेरीज काही चढत नसे. आता माझी सुट्टी दर आठवड्याला बदलते, बहुतेकदा मंगळवारी किंवा बुधवारी येते, आणि महिन्यातील दोन-तीन रविवार सकाळच्या पाळीतच जातात. साडेनऊच्या उपासनेला माझे पती मुलांना घेऊन जातात. मंडळीतील (आमच्या चर्चमधील) एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नुकतेच मला सांगितले की माझ्याकडून दहा आज्ञांपैकी चौथी, म्हणजे शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) पाळण्याची आज्ञा मोडली जात आहे. ते शब्द मनातून जात नाहीत. बुधवारी विसावा घेतला तर प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, पाळल्यासारखे होईल का, की मी नोकरीच बदलावी?

नगरचा निवृत्त पाळक

ताई, आजाऱ्यांची सेवा हे शब्बाथाचे उल्लंघन नव्हे. प्रभूने स्वतः शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे केले आणि शब्बाथ मनुष्यासाठी झाला असे सांगितले. तेव्हा आज्ञा मोडल्याचे ओझे आधी मनावरून उतरवा.

तुमच्या प्रश्नात उपासना आणि विसावा या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि इतिहासात त्या नेहमी एकत्र नव्हत्या. सन ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला लिहिले की हे ख्रिस्ती लोक एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमून ख्रिस्ताचे स्तवन करतात. त्यांना रविवारची सुट्टी कोण देणार? त्यांच्यात गुलामही होते, आणि उजाडल्यावर त्यांना धन्याच्या कामावर हजर व्हायचे असे. सन १५०च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे, वाचनाचे, प्रवचनाचे आणि प्रभुभोजनाचे वर्णन केले आहे. तोही दिवस रोमन साम्राज्यात कामाचाच होता. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विसाव्याचा कायदा केला तो सन ३२१मध्ये, आणि त्यातही शेतकऱ्यांना पेरणी-लागवडीची मुभा ठेवली होती. म्हणजे जवळजवळ तीन शतके आपल्या पूर्वजांनी सुट्टीशिवाय प्रभूचा दिवस पाळला.

म्हणून माझे मत असे आहे की बुधवारचा विसावा खरा विसावा आहे, तो मनापासून घ्या. पण त्याला प्रभूचा दिवस म्हणू नका. तो दिवस पुनरुत्थानाचा आहे आणि मंडळीचा आहे, एकट्याने तो हलवता येत नाही. ज्या रविवारी पाळी असेल त्या दिवशी पहाटे घरच्यांसोबत एक स्तोत्र वाचून प्रार्थना करा आणि मग कामावर जा. आपल्या पाळकांशी संध्याकाळच्या उपासनेविषयीही बोला, कारण अशी अडचण तुम्हा एकट्यांची नसणार.

वसईचा एक वाचक

आम्हा कॅथलिकांच्या गणनेत ही आज्ञा तिसरी आहे, एवढाच फरक. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) रविवारच्या मिस्साऐवजी चालतो, आणि सकाळी लवकर कामावर निघणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना त्याचा आधार आहे.

अलिबागकडचा, सध्या ठाण्यात

पाळकसाहेबांच्या उत्तरात मला एक भर घालावीशी वाटते. आमच्या कोकणात बेने इस्राएली, म्हणजे यहुदी (ज्यू) लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी, त्यांच्या शब्बाथाला, तो बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्यांचा धर्म कोणता हे शेजाऱ्यांना नीट ठाऊक नव्हते, पण त्यांचा दिवस मात्र गावाला ठाऊक होता. घाणा थांबला की बैलालाही विसावा मिळत असणार, आणि बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील याच आज्ञेत बैल, गाढव, दास, दासी आणि परका या सर्वांची नावे घेऊन नेमके हेच सांगितले आहे.

त्या आज्ञेचे हे अर्धे अंग आपण ख्रिस्ती लोक विसरतो, असे मला दुःखाने म्हणावे लागते. उपासनेहून परतल्यावर पाहुण्यांसाठी जेवण करायला आपण त्याच दिवशी स्वयंपाकाच्या बाईंना बोलावतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर. कामगाराला विसावा मिळणे किती कठीण असते हे या शहराला माहीत आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी ताईंना बोल लावला, त्यांच्या घरी रविवारी कोण राबते, हे त्यांनी आधी पाहावे.

चिंचवडची परिचारिका

पाळकसाहेब, दादा, आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी रविवारीही येतात, हे मी प्रश्न लिहिताना माझ्या ध्यानातही आले नव्हते. पगार न कापता त्यांना रविवारची सुट्टी द्यायचे पतीने आणि मी काल ठरवले. त्या दिवशीची भांडी मुले आणि आम्ही मिळून घासू. संध्याकाळच्या उपासनेविषयी पाळकांना भेटण्यासाठी बुधवारची वेळ मागितली आहे.