शिफारसपत्र आहे, विक्री प्रमाणपत्र नाही: हातगाडी उचलली तर माल सोडवायचा कसा?

पदपथ_प्रश्न

महाराष्ट्रातल्या महानगरपालिकेच्या हद्दीत खाद्यपदार्थांची हातगाडी आहे. जागा जुनी, महापालिकेच्या पथविक्रेता सर्वेक्षणाच्या आधीपासूनची. हातात कागद तीन: सर्वेक्षणाची पावती, पीएम स्वनिधीचं (पथविक्रेत्यांच्या कर्ज योजनेचं) शिफारसपत्र आणि अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. पथविक्रेता कायदा 2014 खालचं विक्री प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. अतिक्रमण विभागाने गाडी, शेगडी, सिलिंडर आणि तयार माल उचलून नेला. नोटीस नव्हती, यादीची प्रतही दिली नाही. माल कसा सोडवायचा? आणि या तीन कागदांपैकी कोणता कशासाठी चालतो?

आवक_जावक

आधी माल, बाकीचं नंतर. पथविक्रेता कायद्याच्या कलम 19 प्रमाणे नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. इथे नीट लक्ष द्या: मुदत जप्तीपासून मोजत नाहीत, तुम्ही मागणी केल्यापासून मोजतात. तोंडी विनंतीला तारीख नसते. म्हणून आजच क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्क्याबरोबर वेळही लिहून मागा. तयार खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर ती वेळच सगळं ठरवते.

अर्जात एकेक वस्तू संख्येसह लिहा. "गाडी व सामान" असं मोघम लिहिलंत की परत मिळताना शेगडीचा बर्नर, वजनकाटा, छत्री गायब असते आणि काहीच सिद्ध करता येत नाही. जप्त मालाची यादी करून अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला देणं त्याच कलमात बंधनकारक आहे. ती मिळाली नाही हे याच अर्जात नोंदवा, वेगळी तक्रार करत बसू नका.

माल सोडवायचे पैसे भरताना शुल्क कोणत्या तरतुदीखाली घेतलं ते पावतीवर लिहून घ्या. कायद्यात दंडाला मर्यादा आहेत. प्रमाणपत्राविना किंवा अटी मोडून विक्री केली तर कलम 28 खाली जास्तीत जास्त 2,000 रुपये. नोटिशीनंतरही जागा सोडली नाही तर कलम 18 खाली दिवसाला 250 रुपयांपर्यंत, तेही जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. पावतीवर नुसतं "दंड" लिहून मोठी ठोक रक्कम घेतली असेल, तर आव्हान द्यायला तीच पावती कामाला येते.

नगरसमिती_वाचक

कागदांबद्दल. सगळ्यात जास्त गोंधळ शिफारसपत्राचा होतो. ते बँकेसाठी आहे. सर्वेक्षणातून सुटलेल्यांना किंवा सर्वेक्षणानंतर धंदा सुरू केलेल्यांना कर्ज मिळावं म्हणून 2020 मध्ये स्वनिधी योजनेत ही सोय केली. विक्रेता म्हणून तुमची ओळख त्यातून पटते, पण अमुक जागी उभं राहण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. अन्न नोंदणीचंही तसंच. ती तुमच्या पदार्थांच्या धंद्याची, रस्त्यावरच्या जागेची नव्हे.

तुमचा खरा आधार सर्वेक्षणाची पावती. कलम 3(3) म्हणतं की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता किंवा हलवता येणार नाही. प्रत्येक अर्जात या कलमाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करा. 30 दिवसांच्या नोटिशीचं कलम 18(3) तुमच्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर, कारण त्यातले शब्द "प्रमाणपत्रात नमूद केलेल्या जागेवरून" असे आहेत आणि तुमच्याकडे प्रमाणपत्रच नाही. बरेच जण नेमकं उलटं लिहितात आणि पहिल्याच सुनावणीत अडकतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 231 खाली विनानोटीस हटवण्याचा अधिकार आहे असं उत्तर येईल. त्यावर 2014 च्या कायद्याचं कलम 33 दाखवा. विसंगती असेल तिथे हा कायदा वरचढ ठरतो.

पदपथ_प्रश्न

आभार, अर्ज आजच देतो. पुढचं सर्वेक्षण होईपर्यंत प्रमाणपत्र मिळूच शकत नाही का?

नगरसमिती_वाचक

मिळू शकतं. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवं, पण कलम 4 च्या परंतुकात दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. मुख्य अट अशी की त्या क्षेत्राची सामावून घेण्याची क्षमता शिल्लक हवी. तुमचं नाव यादीत आधीच असेल तर नवा अर्ज टाकू नका, जुन्याचाच पाठपुरावा करा. नव्या अर्जामुळे तुमचीच नोंद "नवीन विक्रेता" अशी होण्याचा धोका असतो.

माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: सर्वेक्षण यादीतली तुमची नोंद, प्रमाणपत्रं देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, फेरीवाला आणि ना-फेरीवाला क्षेत्रांची मंजूर यादी, आणि त्या दिवशीच्या जप्ती नोंदवहीचं पान. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. क्षेत्रांची यादी आधी वाचा. जागा ना-फेरीवाला क्षेत्रात असेल तर तिथलंच प्रमाणपत्र मागत राहण्यापेक्षा पर्यायी जागा मागणं शहाणपणाचं. जमीन रेल्वेची असेल तर हा कायदा तिथे लागूच होत नाही.

चूल_आणि_नियम

सिलिंडरचं कोणी बोललं नाही, आणि अडतं नेमकं तिथेच. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यात वापरायला मनाई आहे. तो जप्त झाला तर प्रकरण पुरवठा विभागाकडे जातं आणि कलम 19 ची मुदत तिथे कामी येत नाही. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर असेल तर अर्जाला वितरकाची पावती जोडा. घरगुती असेल तर तो बाकीच्या मालाच्या अर्जात घालू नका, नाहीतर त्याच्यापायी गाडीही अडकून पडते.

अन्न नोंदणीवरचा पत्ता आणि गाडीची जागा जुळते का तेही बघा. 14 अंकी क्रमांक 2 ने सुरू होत असेल तर ती नोंदणी, 1 ने सुरू होत असेल तर परवाना. हातगाडीला सहसा नोंदणीच असते, अर्जात "परवाना" लिहू नका.

आवक_जावक

आणखी एक. गाडी सोडवल्यावर ती दुसऱ्या कोणाला चालवायला देऊ नका. घरच्या माणसाने चालवली तर हरकत नाही, पण भाड्याने देणं कलम 5 मध्ये स्पष्ट मना आहे आणि पुढे प्रमाणपत्र रद्द व्हायला तेवढंच पुरतं.

माल मुदतीत मिळाला नाही तर कलम 20 खालच्या तक्रार निवारण समितीकडे जा. तिचे अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतात. शहरात ही समिती स्थापनच झाली नसेल तर तसं महापालिकेकडून लेखी घ्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना आवक क्रमांकाची प्रत सोबत न्या, वकील पहिल्यांदा तीच मागतो.