वीज कंपनीनं बिलापलीकडे आपल्यासाठी काय करावं? निवेदन लिहितेय, सुचवा

जास्वंद_सहकारनगर

नमस्कार. पुण्यात सहकारनगरला आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे, १९८८ सालची. सेक्रेटरीपद सध्या माझ्याकडे आहे. आसपासच्या सात-आठ सोसायट्या मिळून वीज कंपनीला निवेदन देणार आहोत आणि मसुदा लिहायचं काम माझ्यावर आलंय. घराघरातल्या विजेसाठी जळणारा कोळसा कमी व्हावा म्हणून कंपनीनं ग्राहकाला काय मदत करावी, हा विषय.

मुद्दाम कोळसा म्हणते. माझं माहेर विदर्भातलं, कोळशावरच्या वीजकेंद्राजवळच्या गावातलं. उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया घालायची आणि संध्याकाळी फडक्यावर राखेचे बारीक कण बसलेले असायचे. आपल्या ग्रिडमधून आलेल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. पण ते फडकं तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की दर महिन्याला न चुकता प्रत्येक घरात जाणारा एकच कागद आहे, तो म्हणजे विजेचं बिल. त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट असतात. पण '२३८ युनिट' वाचून माझ्या शेजारणीनं उद्या सकाळी उठून काय करायचं? १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. आमच्या जिन्यात विचारलं, तर दोघांनाच माहीत होतं. बाकीच्यांची वॉशिंग मशीन रात्री जेवणं झाल्यावरच लागते.

निवेदनात नेमकं काय मागू? मोघम नको, कुणाला तरी करता येईल असं सांगा.

खांबावरचा_माणूस

ताई, मी वीज खात्यात तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. बिल जास्त आलं म्हणून लोक तावातावानं यायचे. मी एकच गोष्ट करायचो. घरी जाऊन सगळी बटणं बंद करायला लावायचो, फ्रिजसुद्धा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघायचो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ३२०० किंवा १६००. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर एखादी वस्तू नजरेतून सुटून चालूच राहिलीय. नंतर एकेक वस्तू चालू करायची. गीझर लावला की दिवा नुसता धावत सुटतो. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं, हे माणसाला तिथं उभं राहून दिसतं. एका घरी गरम पाण्याचा नळ थेंब थेंब गळत होता, म्हणून गीझर दिवसभर आपोआप चालू-बंद होत होता. वॉशर बदलला, काम झालं.

तेव्हा निवेदनात हे मागा: वर्षातून एकदा, मागेल त्याच्या घरी, अर्ध्या तासाची वीजतपासणी. त्यासाठी माणसं लागतात हे मला माहीत आहे. आयटीआयची मुलं आहेत, त्यांना शिकवा आणि त्याचे पैसे द्या.

धायरी_गच्ची

आमचं स्वतःचं घर आहे, गच्चीवर ३ किलोवॉट सोलर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळालं. दिवसाला सरासरी १२ युनिट होतात, पावसाळ्यात बरेच कमी. अडचण सोलरची नव्हती, कुणाकडून बसवून घ्यायचं ही होती. पहिल्या ठेकेदारानं आगाऊ रक्कम घेतली आणि दोन महिने फोन उचलला नाही. पॅनलचा लोखंडी सांगाडा इतका खाली बसवला की पॅनलखाली झाडायलाही जागा नाही. वडील रोज वर जाऊन बघायचे, काम पुढे सरकलंय का. त्या दोन महिन्यांत त्यांचा या सगळ्यावरचा विश्वास उडाला, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

ठेकेदार योजनेच्या यादीतला आहे एवढं पुरत नाही. याच ठेकेदारानं आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कंपनीच्या आमच्या भागात, किती घरं केली, किती दिवसांत केली आणि त्यातली किती आज नीट वीज देतायत, हे कंपनीनं दाखवावं. सोलरची जास्तीची वीज ग्रिडला किती गेली ते मोजणाऱ्या नेट मीटरमुळे आकडे तिच्याकडे आहेतच.

सोसायटीसाठी वेगळं अनुदान आहे, किलोवॉटला १८,०००, लिफ्ट-पंपासारख्या सामाईक वापरासाठी. १० किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट मोकळी गच्ची धरा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते आधी बघा.

भाड्याचं_घर_बाणेर

काकू, आमच्यासारख्या भाडेकरूंना विसरू नका. गच्ची आमची नाही, वायरिंग आमचं नाही, अकरा महिन्यांनी घरही आमचं नाही. पण पंखे बरोबर नेता येतात. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास फिरले तर महिन्याला साठेक युनिट वाचतात. १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे काठावरच्या घराला हे फारच उपयोगी. पण चार पंखे एकदम घ्यायचे पैसे आमच्याकडे नसतात. कंपनीनं पंखे द्यावेत आणि बिलातून महिन्याला थोडे थोडे कापून घ्यावेत. एलईडी बल्ब असेच घरोघर पोचले होते.

आणि २०२१ मध्ये विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगानं युनिटमागे ६६ पैसे जास्त देऊन पूर्ण हरित वीज (सूर्य, वारा अशांपासूनची) घ्यायची सोय मान्य केली होती. भाडेकरूला इतकं सोपं दुसरं काही नाही. बिलावर त्याचा एक चौकोन छापा म्हणावं, टिक करून पाठवता येईल असा.

जास्वंद_सहकारनगर

सगळ्यांचे आभार. काल रात्री खांबावरच्या दादांनी सांगितलेलं करून पाहिलं. सगळं बंद केल्यावरही दिवा सावकाश लुकलुकत राहिला. शोधत गेले तर माळ्यावर टीव्हीचा जुना बूस्टर सापडला, मुलगा शाळेत होता तेव्हापासून प्लगला लागलेला. तो काढला. मग शेजारच्या दोन घरांतही गेले. एका घरी आजोबा स्टूल घेऊन मीटरसमोर बसले आणि नातवाला एकेक बटण दाबायला सांगत होते.

धायरीचे भाऊ, टाकीची सावली आज १२, २ आणि ४ वाजता खडूनं आखून ठेवली. पश्चिमेकडची बाजू पूर्ण मोकळी राहते, साधारण नऊशे चौरस फूट.

मसुद्यात पहिली मागणी घरच्या तपासणीची घालते, दुसरी बिलातून पंख्यांची, मग ठेकेदारांची माहिती आणि बिलावरचा हरित विजेचा चौकोन. रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाचन आहे. बाणेरहून यायला जमलं तर नक्की ये, भाडेकरूंचा परिच्छेद तूच लिहिलेला बरा.