मदत हवी आहे: रविवारी शिडाची होडी धरणावर न्यावी का?

भीमाकाठ: येत्या रविवारी दुपारी भाच्याला सोबत घेऊन शिडाची होडी धरणावर न्यायची आहे. ॲपवर वारा 14 आणि झोत, म्हणजे मधूनच येणारे जोराचे झटके, 24 असे दिसत आहे. जावे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे. टेम्पो आजच ठरवायचा आहे.

काठावरचा: उजनी की हिप्परगा? 14 म्हणजे नॉट की किलोमीटर? एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, आणि शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एककाचा घोळ झाला, तर दाबाचा अंदाज जवळजवळ साडेतीन पटींनी चुकतो.

भीमाकाठ: सोलापुरात धरण म्हटले की उजनीच. एकक कुठे लिहिलेले नाही.

शीडप्रेमी: ॲपपेक्षा पाणी वाचायला शिकावे. वाऱ्याचा जोर पायऱ्यांत मोजणाऱ्या ब्यूफोर्टच्या श्रेणीनुसार लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला, की वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर असतो. तो वारंवार दिसू लागला, की 20 ते 28. नवख्याने तेव्हा काठावरच थांबावे.

काठावरचा: ती वर्णने खुल्या समुद्राची आहेत. वारा आपल्या काठाकडून आत वाहत असेल, तर जवळचे पाणी संथच दिसते, लाटा पलीकडे वाढतात आणि परतताना वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी यावे लागते, हे शीडप्रेमींनी सांगितले नाही.

यंत्रमित्र: होडीच्या मागे लहान इंजिन बसवून घ्या, म्हणजे वाऱ्याची चिंताच मिटेल.

शीडप्रेमी: इंजिनाचा प्रश्न कोणीही विचारलेला नाही, आणि इंजिनाने वादळ टळतही नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला.

माढेकर: म्हणूनच वळवाच्या दिवसांत दुपारचा सरासरी आकडा पाहून निघू नये. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पाऊस पोहोचण्याआधीच पाण्यावर पसरते, वाऱ्याची दिशा काही मिनिटांत पालटते आणि शीड उतरवायलाही उसंत मिळत नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवावे, परंतु पश्चिमेला ढग उभे राहताना दिसले, तर इशाऱ्याची वाट न पाहता काठ गाठावा.

भीमाकाठ: सेटिंगमध्ये एकक सापडले, नॉट आहेत. भाचा बारा वर्षांचा आहे, पण त्याला उत्तम पोहता येते.

काठावरचा: मग 24 नॉटचे झोत म्हणजे ताशी सुमारे 44 किलोमीटर, अर्थात ब्यूफोर्टची सहावी पायरी. एवढ्या वाऱ्यात मुलाला घेऊन मुळीच जाऊ नये. पोहणे येत असले, तरी जीवरक्षक जाकीट दोघांनीही होडीत चढण्यापूर्वीच घालायचे असते.

भीमाकाठ: सकाळी सातला निघून दहापर्यंत परतलो तर?

माढेकर: त्या तीन तासांचे आकडे झोतांसह येथे द्यावेत. होडीची लांबी किती आणि शीड दुमडून लहान करता येते का, हेही आपण अद्याप सांगितलेले नाही.