आगाऊ पैसे आणि निर्मात्यावरचा धाक

चाहत्यांकडून आगाऊ पैसे मिळाले की निर्मात्यावर धाक उरत नाही, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला पटत नाही. १९८८ च्या 'वेस्टलँड' या संगणकावरच्या खेळाचा पुढचा भाग काढण्यासाठी त्याचे निर्माते ब्रायन फार्गो यांना प्रकाशक मिळत नव्हता. २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ९ लाख डॉलर मागितले आणि साठ हजारांहून अधिक लोकांनी २९ लाखांवर रक्कम उभी केली.

हे लोक कोण होते, हे मूळ खेळावरून कळते. डिस्कवर जागा पुरत नसल्याने त्यातली लांब वर्णने सोबतच्या छापील पुस्तिकेत होती; पडद्यावर केवळ परिच्छेदाचा क्रमांक येई, आणि उतावीळपणे पुढचे वाचणाऱ्यांना चकवण्यासाठी काही परिच्छेद चक्क खोटे घातलेले होते. इतक्या निगुतीने लिहिलेल्या मजकुरावर जीव जडलेला खेळाडू प्रकाशकांच्या हिशेबात बसतच नव्हता.

पुढच्या भागाचा ऑक्टोबर २०१३ चा वायदा सप्टेंबर २०१४ पर्यंत लांबला, हे खरे. मात्र अपुरी आवृत्ती आधीच खेळाडूंच्या हाती देऊन त्यांच्या सूचना घेतल्या गेल्या, आणि असा उघड्यावरचा धाक मला प्रकाशकाच्या बंद दाराआडच्या करारापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.